सूटपत्र हातात पडेपर्यंत

ज्यू धर्मात काडीमोड कोर्ट करत नाही, रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, तेही करत नाहीत. तो नवऱ्यानं करायचा. त्यानं आपल्या मर्जीनं सूटपत्र लिहवून घ्यायचं आणि आपल्या हातानं बायकोच्या हातात द्यायचं. हिब्रूत त्याला गेट म्हणतात. हा नियम ज्यांनी घालून दिला त्यांची माझ्या नवऱ्याशी ओळख नसावी. बावीस वर्षांच्या संसारात मागितल्या दिवशी मागितलेली वस्तू या माणसानं मला एकदाही दिली नाही, आणि माझी सुटका काय ती याच्याच हातात!

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आमची, म्हणजे बेने इस्राएल ज्यू लोकांची, दोनच घरं होती. मूळ दोन्ही कोकणातली. माझे वडील रेल्वेत, त्याचे वडील कोळशाच्या खाणीत, असे नोकरीपायी वणीला आले आणि तिथलेच झाले. शेजारपाजारचे आम्हाला ख्रिश्चन समजायचे. सांगून सांगून तोंड दुखलं, मग सांगणं सोडलं. तर एका घरात मुलगा, दुसऱ्या घरात मुलगी. झालं, ठरलं. यापलीकडे कोणी विचार केला नाही. मी चोवीस वर्षांची होते, नुकती सरकारी नोकरी लागली होती, आणि मलाही त्यात गैर काही वाटलं नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. दारू नाही, शिवीगाळ नाही, कधी हात उचलला नाही. तो फक्त 'हाव' म्हणायचा, म्हणजे वऱ्हाडीत 'हो'. नळ गळतोय, वॉशर बदला. हाव. गॅस संपत आलाय, नंबर लावा. हाव. माझ्या आईला दवाखान्यात न्यायचंय, उद्या सुट्टी काढा. हाव. आणि मग काहीच व्हायचं नाही. नळ मीच दुरुस्त करायची, गॅसचा नंबर मीच लावायची, आईला रिक्षात घालून मीच न्यायची. परत आले की हा अंगणात खुर्ची टाकून बसलेला. वर विचारायचा, "झालं का?" त्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात तिडीक जायची. लेकरूबाळ झालं नाही. शेवटी मी बदली मागून मारेगावला आले, खोली केली, आणि परस्परसंमतीनं कोर्टात अर्ज टाकला. तिथं मात्र त्यानं पटापट सह्या केल्या, कारण वकील बोट ठेवून दाखवत होता. कोर्टाचा निकाल हातात आला त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो सोडून अरे-तुरे करायला लागले. तेवढाच एक रोकडा फायदा.

मला वाटलं, सुटले.

पुढच्या वर्षी ठाण्याला नात्यातलं एक लग्न होतं. तिथं रेवदंड्याकडचे एक स्वेच्छानिवृत्त शिक्षक भेटले. विधुर, शांत, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मी ताट घेऊन उभी होते तर त्यांनी खुर्ची आणून दिली. मागितली नव्हती तरी आणून दिली! मी त्या खुर्चीकडे बघतच राहिले. मग फोन सुरू झाले. आधी आठवड्याला, मग रोज. आपल्या नारळांचं सांगायचे, माझ्या कचेरीचं विचारायचे, आणि सांगितलेलं दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात असायचं. वर्षभरानं त्यांनी लग्नाचं विचारलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, दोनदा हो म्हटलं.

त्यांनी आपल्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, मंडळींकडे विषय काढला, तर पहिलाच प्रश्न आला, "बाईंचं गेट झालंय का?"

"कोर्टाचा निकाल आहे माझ्याकडे, गोल शिक्क्यासकट," मी फोनवर म्हटलं.

"तो इथं चालत नाही," ते हळूच म्हणाले. "धर्माच्या हिशेबानं तुम्ही अजून त्यांच्याच बायको आहात."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याच्या घरातून मी माझं शेवटचं पातेलंसुद्धा उचलून आणलं होतं, त्याची मी अजून बायको! पण मी पडले कचेरीतली अव्वल कारकून. कागद कमी आहे म्हणून लोकांना मीच रोज परत पाठवते. म्हटलं ठीक आहे, एक कागद कमी आहे, आणू. त्याच रविवारी वणीला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं.

"हाव," तो म्हणाला. "देतो ना."

"कधी?"

"देतो म्हटलं ना."

इथून माझी चार वर्षं सुरू झाली.

पहिलं वर्ष नुसतं 'हाव' ऐकण्यात गेलं. मग घरमालकीण काकूंना एकदा हे सगळं सांगितलं. काकूंची कापसाची शेती, आणि गावातली अर्धी भांडणं त्यांच्या ओसरीवर मिटतात. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा! कोर्टानं देल्लं ना मॅडम? मंग अजून कायले पाह्यजे? आणि पाह्यजेच असंन, तर स्टँपपेपरवर फारकत लिहून घ्या, दोन साक्षीदार उभे करा, झालं काम!" आमच्या भागात फारकत अशीच होते. त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. पुढच्या रविवारच्या फोनवर मी ते त्याला हसत हसत सांगितलं.

महिन्याभरानं एका दुपारी तो मोटारसायकलवरून मारेगावला आला. चार वर्षांत स्वतःहून केलेली एकुलती एक गोष्ट. पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला स्टँपपेपर काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. वर नोटरीचा शिक्का, खाली दोघांचे फोटो. माझा कुठल्याशा जुन्या लग्नातल्या फोटोतून कापलेला, शेजारणीच्या खांद्यासकट. साक्षीदार दोन. एक त्याचा पानठेलेवाला, दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर. मजकूर असा की, सदर महिला आजपासून आमची कोणी लागत नाही, ती कोठेही राहण्यास व कोणाशीही विवाह करण्यास मुखत्यार आहे, सबब ही फारकत राजीखुशीने लिहून दिली असे.

"बग," तो म्हणाला. "देल्लं का नाही?"

चेहरा असा की बक्षीस घ्यायला आलाय. कचेरीतली माणसं माना वळवून बघायला लागली. मजकूर मी दोनदा वाचला आणि खरं सांगते, मसुदा चांगला होता. माझ्या हाताखालच्या कोणालाही इतका नेटका जमला नसता. हसावं की तोच कागद त्याच्या डोक्यात घालावा, समजेना.

तरी मी त्याचा फोटो काढून ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना पाठवला. अशा कामात तेच मध्ये पडतात. त्यांचा फोन आला तो आधी हसू आवरण्यातच गेला. मग त्यांनी नीट सांगितलं. हे असलं चालत नाही, ताई. सूटपत्र हिब्रू अक्षरांत, हातानं, लेखनिकानं लिहायचं. तेही नवऱ्यानं त्याला तोंडानं सांगितल्यावर, फक्त या एका बाईसाठी. छापील नमुना नाही. साक्षीदार धर्म पाळणारे ज्यूच हवेत. ते तपासणारा रब्बी परदेशातून वर्षातून एखाद्या वेळी येतो. आणि ज्या गावी लिहायचं त्या गावाचं नाव, त्याची नदी, सगळं ठरलेल्या रीतीनं त्यात यावं लागतं. वणीत आजवर कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथलं काहीच ठरलेलं नाही. म्हणून नवऱ्याला ठाण्याला आणा.

"आणि मिळाल्यावर लगेच लग्न करता येतं ना?" मी विचारलं.

"नाही, ब्याण्णव दिवस थांबायचं. म्हणजे पोटात आधीच्या नवऱ्याचं मूल नाही ना, याची खात्री होते."

"अहो, पन्नाशी आली माझी! आणि त्याला मी शेवटचं..." पुढचं बोलले नाही. गृहस्थ वयानं मोठे होते.

"नियम आहे, ताई."

मग त्यांनी नवऱ्याची सगळी नावं मागवली. जन्मनाव, हिब्रू नाव, शाळेतलं, घरातलं, मित्र हाक मारतात ते, सगळी. एक राहिलं तर उद्या कोणी म्हणेल, हा माणूस तो नव्हेच. तो कामाला होता त्या खाणीत मी फोन करून चौकशी केली तेव्हा कळलं की तिथं त्याला एक वेगळंच नाव आहे. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याच्या कामाच्या वेगावरून पडलेलं आहे. यादीत ते लिहून पाठवताना मला मोठा आनंद झाला.

त्या वर्षी रब्बी आले. त्याचं तिकीट मी काढलं, गाडीची वेळ तीनदा सांगितली. मी आदल्या दिवशीच ठाण्याला जाऊन बसले. रब्बी, लेखनिक, साक्षीदार, सगळे हजर. हाच नाही. फोन लावला तर म्हणतो कसा, "अवो, मोटारसायकल सर्विसिंगले देल्ली होती ना. घ्याले गेलो त थे म्हणे तासाभरानं या, तेवढ्यात गाडी गेली." सर्विसिंग! चार माणसं माझ्यासाठी खोळंबली होती, आणि याची सर्विसिंग! त्या परक्या लोकांसमोर मी इतक्या मोठ्यानं ओरडले की साक्षीदारांपैकी एक उठून बाहेर गेला. त्याच्या पुढल्या वर्षी रब्बीच आले नाहीत.

मग मी हात धुवून मागे लागले. दर रविवारी होता तो फोन रोज केला. कधी दिवसातून दोनदा. रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, रडून पाहिलं. उत्तर एकच, "हाव, देतो ना." नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. हाव म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

इकडे रेवदंड्याचे फोन थोडे बदलले. एक दिवस ते म्हणाले, "पुढल्या वर्षी मी साठीला टेकतो. आजवर तुम्हाला घाई केली नाही. पण घरचे दुसरीकडचं सुचवताहेत, आणि मलाही आता एकट्यानं राहवत नाही. यंदा रब्बी येतील तेव्हा झालं तर झालं." आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. चांगला माणूस थकला म्हणजे तो जातो, परत येत नाही. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले.

म्हणून या वर्षी मी धोका घेतला नाही. स्वतः वणीला गेले, त्याची पिशवी भरली, त्याला गाडीत माझ्या समोर बसवला आणि महत्त्वाची फाईल न्यावी तसा ठाण्याला नेला. वाटेत तो खिडकीबाहेर बघून खूश होता. "लय दिवसानं फिरून राह्यलो," म्हणाला.

सिनेगॉगच्या मागच्या बाजूला एक खोली होती. लांब टेबल, त्यामागे रब्बी, लेखनिक, दोन साक्षीदार, आणि मराठीत समजावून सांगायला ते ठाण्याचे गृहस्थ. सुरुवातीला लेखनिकानं कागद, शाई आणि बोरूसारखी लेखणी नवऱ्याला भेट दिली. सूटपत्र नवऱ्याच्या मालकीच्या सामानानं लिहिलं गेलं पाहिजे म्हणून ही रीत. मग ते त्यानं लेखनिकाला द्यायचं आणि लिही म्हणून सांगायचं.

"आता हे तुमचं झालं," गृहस्थ म्हणाले.

"माह्यं?" त्यानं लेखणी उलटसुलट करून बघितली आणि शर्टाच्या खिशात खोचली.

मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात रब्बींनी एक प्रश्न विचारला आणि गृहस्थांनी तो मराठीत सांगितला. "हे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?"

कोणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. आयुष्यभर ज्याच्या तोंडात एकच शब्द होता, त्यालाही इथं नेमका दुसरा सुचायला हवा होता. पण याला त्या दिवशी सत्य बोलायची सुरसुरी आली. जरा विचार करून तो म्हणाला, "दबाव म्हंजे... हे रोज फोन करते ना. दोन-दोन डाव. परवा त घरी येऊन पिशवीच भरली माही."

रब्बींनी समोरचं पुस्तक मिटलं. शाईच्या दौतीला झाकण लागलं. जबरदस्तीनं दिलेलं सूटपत्र रद्द असतं, असं काय काय गृहस्थ मला सांगत होते, पण माझ्या कानांत नुसता आवाज होत होता. "अरे मूर्खा!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. रब्बींना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली.

गृहस्थ मला व्हरांड्यात घेऊन आले. "ताई, एकच उपाय आहे. त्यांना मोकळं सोडा. देऊ नका, घरी जा, असं मनापासून म्हणा. मग ते आले तर आले. रब्बी तीन वाजता विमानतळावर निघतील. आणि तुमचा फोन माझ्याकडे द्या."

मनापासून! ज्यासाठी चार वर्षं जीव काढला, ते नको म्हणायचं, तेही मनापासून! पण तो व्हरांड्यात आला, आणि बघते तर त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं, केस कानापाशी पांढरे झालेले. अचानक माझ्यातलं सगळं बळच गेलं. ओरडायलासुद्धा उरलं नाही.

"जा बाबा घरी," मी म्हटलं. "नको देऊ. मी परत फोन करणार नाही. रविवारी नाही, कधीच नाही."

"म्हंजे तुले नको?"

"पाहिजे. पण आता मागत नाही. तुला द्यावंसं वाटत असेल तर दे, नसेल तर जा. खरंच सांगते."

त्यानं खिशातली लेखणी चाचपली. "मले असं कोणी इचारलं नोतं," म्हणाला. मग, "चहा पिऊन येतो," असं म्हणून फाटकाबाहेर पडला.

पावणेबारा वाजले होते. साडेबारा झाले. एक झाला. मी बाकावर बसून होते. हाताशी फोन नव्हता, असता तर लावला असता, हे कबूल करते. लिहायलाच दीड तास लागतो. तो गाडीत बसला असेल, खिडकीशी, असं मी धरून चालले. रेवदंड्याला काय सांगायचं त्याची वाक्यंही मनात जुळवून झाली.

सव्वाला तो आला. माझ्याकडे न बघता सरळ आत गेला. दारातून मला दिसत होतं. त्यानं खिशातून लेखणी काढली, लेखनिकापुढे धरली आणि कोणी विचारायच्या आत म्हणाला, "लिहा. कोणाचा दबाव नाही. माहं मी देऊन राह्यलो."

रब्बींनी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. त्यानं तीनदा तेच उत्तर दिलं. बारा ओळी लिहून, वाचून, साक्षीदारांच्या सह्या होऊन शाई वाळेपर्यंत पावणेतीन झाले होते. बाहेर टॅक्सी येऊन उभी होती. मला आत बोलावलं. अंगठी काढ, ओंजळ कर, सरळ उभी राहा. घडी घातलेला तो कागद दोन्ही हातांत धरून तो माझ्यासमोर आला, आणि ओंजळीच्या वर थांबला.

आणि मी तो ओढला. आयुष्यभराची सवय. तो पाना घेऊन उभा राहिला की मी पाना ओढायची, तो पिशवी घेऊन दारात रेंगाळला की पिशवी.

"नाही!" पाचही जण एकदम ओरडले. रब्बी तर खुर्चीतून उठले. गृहस्थांनी कागद माझ्या बोटांतून सोडवून परत त्याच्या हातात दिला. "ताई, तुम्ही घ्यायचं नाही. घेतलंत तर ते सूटपत्रच नव्हे. त्यांनी द्यायचं. तुम्ही फक्त हात उघडे ठेवायचे."

मी पुन्हा ओंजळ धरली. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. हा कागद धरून उभाच. रब्बींच्या मागोमाग हिब्रू वाक्य म्हणायचं होतं, तो एकेक शब्द चाचपडत म्हणत होता, मध्येच विसरत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. गृहस्थांनी अर्थ सांगितला, हे तुझं सूटपत्र, आता तू कोणत्याही पुरुषाला मोकळी आहेस. तो ते ऐकून आणखीच थांबला. बावीस वर्षांत मी या माणसाला एक तरी काम त्याच्या वेगानं पुरं करू दिलं होतं का? नसेल. पण आई दवाखान्याच्या दारात असताना कोण थांबतं हो? कोणी थांबून दाखवावं. मला या घटकेलासुद्धा त्याचा राग येत होता, आणि तरी मी थांबले. दात आवळून थांबले. काही बोलले नाही, हात हलवला नाही.

त्यानं वाक्य पुरं केलं. मग बोटं सोडली. कागद पडला. मी ओंजळ मिटली.

"बरोबर देल्लं ना?" त्यानं मला विचारलं. रब्बींना नाही, मला.

"हो," मी म्हटलं. "बरोबर दिलंस." आणि मला रडू कोसळलं.